ईनबाई, जांभळं आणि बपेऱ्याचा रस्ता

ईनबाईंचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या उत्तरपत्रिका तपासत बसले होते. ईनबाई म्हणजे माझ्या मुलीची सासू. बाकी महाराष्ट्र विहीण म्हणतो, आमच्या भंडाऱ्याकडे ईनबाई, आणि तिच्या नवऱ्याला इवाई. मी तुमसरला राहते, त्या सिहोऱ्याला. गाडीने निघालं तर चहा गार व्हायच्या आत पोचावं एवढंच अंतर. तरी पोरांच्या लग्नाला तीन वर्षं होऊन गेली होती आणि त्यांनी आपणहून मला फोन केला, असं एकदाही घडलं नव्हतं. सणावाराला मीच करायची. त्या "बरं हाय, तुमचं बरं हाय ना?" एवढं बोलायच्या आणि फोन इवायांच्या हातात द्यायच्या.

त्यामुळे स्क्रीनवर त्यांचं नाव पाहून मी लाल पेन खाली ठेवलं. मुलगी आणि जावई पुण्याला नोकरीला. तिकडे काही झालं की काय?

"पोरं बरी आहेत ना?" मी नमस्कारसुद्धा न करता विचारलं.

"पोराईले काय झालं? पोरं मजेत हायत," त्या म्हणाल्या. "तुमी गाडी शिकल्या म्हने."

"हो, शिकले."

"उद्या सुट्टी हाय ना तुमाले? मंग मले एका जागी घेऊन चला. बपेऱ्याच्या रोडवर जांभराच्या दारूचा कारखाना निंगाला हाय. तो पाहाचा हाय."

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. लग्नात ज्यांच्या कपाळावरची आठी बघून आमच्याकडच्या पोरांनी बँडवाल्यांचा आवाज कमी करून घेतला होता, त्या ह्याच बाई. मी म्हटलं, "दारूचा?"

"आता दारू म्हना का वाइन म्हना. यंदा माह्या बांधावरचे जांभूरं त्याईनं नेले. चांगले टोपलेच्या टोपले नेले. त्याचं काय करून राहिले, ते पाह्याले नको?" आणि मग आवाज खाली आणून, "इवायाईले सांगू नका. म्हनतीन, बायामानसाले कारखान्यात कायले जा लागते."

मी बरं म्हटलं. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमतच नव्हती, आणि त्याला कारण होतं.

लग्नात मी ईनबाईंसाठी मोहाडीहून कोशाच्या रेशमाची साडी आणली होती, करवती काठाची. विणकराच्या घरी दोन चकरा मारून, रंग पसंत करून विणून घेतलेली. आणि माझ्या नणंदेसाठी बाजारातली एक बऱ्यापैकी साडी, रंगाने मोरपंखी. दोन्हींच्या पिशव्या सारख्या. मानपानाच्या गडबडीत कोणी कोणती पिशवी कोणाच्या हातात दिली, देव जाणे. आठ दिवसांनी नणंद सत्यनारायणाला आली, ती मी आणलेली कोशाची साडी नेसून. मी तिचं कौतुक केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे मुलाच्या आईला मी ती मोरपंखी दिली होती! आता मागून घ्यायची कशी आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? बिदाईच्या वेळी ईनबाईंचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता, तो मी पाहिला होता. दोन्ही गोष्टी मी एकमेकींना जोडल्या आणि तीन वर्षं ती गाठ मनात घेऊन फिरत होते.

गाडीचं म्हणाल तर बावन्नाव्या वर्षी शिकले. एक पांढरी, जुनी, छोटी गाडी घेतली. आमचे हे माझ्या शेजारी बसून एकदा बाजारापर्यंत आले, आणि येताना भाजीच्या दोन पिशव्या घेऊन पायी घरी परतले. तेव्हापासून माझ्या गाडीत कोणी बसायला मागत नव्हतं. ईनबाई पहिल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सिहोऱ्याच्या बसथांब्याच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, अंबाड्यात शेवंतीचं फूल, हातात कापडी पिशवी. मी उतरून पुढचं दार उघडलं.

"बसा ईनबाई, समोर बसा."

"नाही बाप्पा. मानाची जागा मांगंच राह्यते," असं म्हणून त्यांनी मागचं दार स्वतः उघडलं आणि बरोबर मधोमध बसल्या. मी मुकाट्याने ड्रायव्हर झाले. आरशात त्यांचं फूल दिसत होतं आणि अर्धं कपाळ. त्या कपाळावर आठी आहे की नाही, ते काही दिसत नव्हतं.

धान कापून झालं होतं. दोन्ही बाजूंच्या बांध्यांमध्ये पेंढ्यांचे पुंजणे रचून ठेवलेले, जणू शेताशेतात कोणी गवताची घरं बांधली आहेत. "हे पुंजनं वाकडं रचलं," मागून आवाज आला. थोड्या वेळाने, "हे बी." मग बऱ्याच वेळाने, "तुमी गाडी चांगली चालवता." मला इतका आनंद झाला की समोरच्या बैलगाडीला हॉर्न द्यायचा विसरले.

कारखाना म्हणजे बंद पडलेली धानाची गिरणी होती. पाटी नाही, फक्त पत्र्यावर रंगाने काढलेला एक बाण. आत गेलो तर भिंतींच्या सांध्यांत अजून कोंडा अडकलेला. जिथे कधी धान भरडलं जायचं तिथे आता स्टीलच्या तीन उंच टाक्या उभ्या, दूध डेअरीत असतात तशा. चाळिशीचा एक माणूस पुढे आला. बारा वर्षं नाशिककडे द्राक्षांच्या वाइनमध्ये काम करून गावी परतला होता. त्याची बायको कोपऱ्यात रबरी मोजे घालून बाटल्या धूत होती. मला तो काकू म्हणाला आणि ईनबाईंना मावशी.

"मी काईच पेनार नाही, आदीच सांगून ठेवतो," ईनबाईंनी नाकाला पदर लावून जाहीर केलं.

"नका पिऊ, मावशी. बघा तर खरं."

त्याने सगळं दाखवलं. जांभूळ कसं चेचतात, बिया कशा वेगळ्या काढतात. त्या बियांची भुकटी साखरेच्या आजारासाठी लोक घेऊन जातात, हे ऐकून ईनबाईंनी पहिल्यांदा नाकावरचा पदर काढला, कारण इवायांना साखर आहे. एका निळ्या ड्रममध्ये मोहफुलं टाकली होती. ड्रमच्या झाकणातून एक नळी निघून पाण्याच्या बरणीत सोडलेली, आणि त्या पाण्यात बुडबुड, बुडबुड चाललेलं. ईनबाई वाकल्या आणि त्यांनी ड्रमला कान लावला.

"बोलून राह्यलं ना बाई हे!"

"काय म्हणतं, मावशी?"

"म्हन्ते, मले बाहेर काढा." आणि त्या हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. हसू एकदम पोरीसारखं, गळ्यातल्या गळ्यात.

त्याच्या बायकोने ताटलीत दोन लहान काचेचे ग्लास आणले, बाजूला भाजलेले चणे. मी म्हटलं, मला गाडी चालवायची आहे, मी नुसता वास घेईन. घेतला. जांभळाचा रंग कपड्याला लागला की धुताना येतो तसा काहीसा वास, पण त्यात उन्हाळा मिसळलेला. ईनबाईंनी ग्लास हातात घेतला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, "औषध समजून" म्हणाल्या आणि एक घोट घेतला. डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच.

"हे माह्या बांधावरच्या, वडाच्या बाजूच्या झाडाचं हाय," त्यांनी डोळे उघडून सांगितलं. "त्या झाडाचं जांभूर असंच आदी गोड लागते न मंग जीभ ओढते. मले सांगाचं काम नाही. चाळीस वर्स झाले खाऊन राहिली मी."

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं. तो माणूस खोटं बोलू शकला असता. आमचं मन राखायला एवढंसं 'हो मावशी' पुरलं असतं. पण तो म्हणाला, "मावशी, ही मागच्या वर्षीची आहे. तेव्हा आपली ओळखच नव्हती. ही जांभळं साकोलीकडून आणली होती."

ईनबाईंनी उरलेला ग्लास एका दमात संपवला.

"मंग माही कुठी हाय?"

"तिसऱ्या टाकीत. आता झोपली आहे. उन्हाळ्यात उठवू."

त्या तिसऱ्या टाकीजवळ गेल्या. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी टाकीला तळहात लावला. "थंडी गार हाय," त्या म्हणाल्या. "पांघरून तरी द्या येखादं." तोवर त्या बायकोने, बहुधा मावशीचं मन दुखावलं असं वाटून, त्यांचा ग्लास पुन्हा अर्धा भरला होता. ईनबाईंनी तोही घेतला. औषधाचं नाव या वेळी काढलं नाही.

परतताना त्या पुन्हा मागच्याच सीटवर. एकाही पुंजण्याला नाव ठेवलं गेलं नाही. मी आरशात बघत होते. फूल तिरपं झालेलं. मला वाटलं, झालं. परक्यांसमोर यांचा शब्द खाली पडला आणि तोही माझ्यादेखत. साडी आधीच होती, त्यात आता जांभळं.

वाटेत रस्ता तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून जातो. तिथे बाभळीखाली एक बाई चूल मांडून शिंगाडे उकडत बसलेली. काळ्या मडक्यातून वाफ येत होती.

"थांबा," मागून हुकूम आला.

आम्ही पानावर शिंगाडे घेतले आणि पारीच्या दगडावर पाण्याकडे तोंड करून बसलो. ईनबाईंचा चेहरा लालसर झाला होता. त्या नखाने शिंगाडा सोलत होत्या, फार काळजीपूर्वक, जणू पहिल्यांदाच सोलताहेत. त्यांना बोलायचं आहे हे मला कळत होतं, आणि त्यांनी सुरू करायच्या आत आपण माफी मागून मोकळं व्हावं असं मला वाटलं.

"ईनबाई, एक सांगायचं होतं. लग्नातल्या साडीचं."

"कोनती साडी?"

"मी तुमच्यासाठी आणलेली कोशाची साडी चुकून माझ्या नणंदेकडे गेली. तुम्हाला मिळाली ती तिची होती. मला फार लाज वाटते हो. तीन वर्षं सांगीन सांगीन म्हणते."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना परक्या मुलखातल्या भाषेत काही सांगितलं असावं. "ते मोरपंखी? ते तर मी लय नेसली. मळनीच्या दिवसात बी नेसली. फाटत नाही बाप्पा ते. कोशाची कोन धूत बसंन?"

"मग तुम्ही रागावल्या नव्हत्या?"

"रागावली होती ना," त्या म्हणाल्या. शिंगाडा पानावर ठेवला. "मी काई साडीपायी रागावली नोव्हती. बिदाईच्या वक्ती तुमी सगळ्याईच्या गळ्यात पडून रडल्या. माह्या जावेच्या गळ्यात पडल्या. माह्या भाचीच्या गळ्यात पडल्या, ते तर तुमाले वळखत बी नोव्हती. माह्यापाशी आल्या, हात जोडले, 'सांभाळून घ्या' म्हनलं, न चालल्या गेल्या. हात जोडाले मी काय तहसीलदार होती?"

माझ्या हातातला शिंगाडा अर्धाच सोलून राहिला.

"माहं माहेर लाखांदूरकडं," त्या पाण्याकडे बघत बोलू लागल्या. "तीन यष्ट्या बदलून येवा लागे इकडं. लग्नात माही माय माह्या सासूच्या गळ्यात पडली ते सुटेच नाही. सासूचं लुगडं खांद्यावर वलं झालं होतं. सासू मरेपर्यंत मले सांगे, तुह्या मायनं तुले माह्या खांद्यावर देलं, हातात नाही. खांद्यावर देलेली पोर खाली ठेवता येत नाही. मले वाटे, माही ईनबाई बी येईन. मी खांदा तयार ठेवून उभी होती न तुमी हात जोडले."

शिंगाडेवाली मडक्यात पाणी टाकत होती, त्याचा चर्र आवाज झाला. मग मी खरं ते सांगितलं. इतक्या दिवसांत ते मी माझ्या मुलीलाही सांगितलं नव्हतं.

"मला तुमचा राग आला होता, ईनबाई. तुम्ही काही केलं नव्हतं, पण माझी पोर तुम्ही घेऊन चालल्या होत्या ना. तुमच्या गळ्यात पडले असते तर सोडलंच नसतं."

"मंग पडाचं होतं!" त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या. "राग तर राग. मले बी रडता आलं असतं. माहा पोरगा बी तर पुन्याले चालला होता आठ दिवसांत. मी कोनापाशी रडाचं? पोराची माय रडली तर लोक म्हन्ते, हिले सून पसंत नाही."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. त्या मांडवात फक्त मीच काही गमावते आहे अशा थाटात मी रडत होते, आणि पलीकडे कोरा चेहरा घेऊन ही बाई आपलं रडं आवरून उभी होती. मी शिंगाड्याचं पान बाजूला ठेवलं आणि तीन वर्षं उशिरा त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनीही मला घट्ट धरलं. दोघी रडलो. चांगलं, आवाज काढून. त्यांच्या तोंडाला जांभळाचा वास येत होता आणि माझे हात शिंगाड्याने काळे झाले होते. ते काळे डाग त्यांच्या पाठीवर उमटले.

शिंगाडेवाली चूल सोडून धावत आली. "कोन गेलं वो बाई? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं," ईनबाई माझ्या खांद्यावरून म्हणाल्या. "पोरीची बिदाई हाय."

तिने इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यावर माझी पांढरी गाडी आणि एक बकरी. "कुठी हाय पोरगी?"

"पुन्याले."

"कवा झाली बिदाई?"

"तीन वर्स झाले."

ती बाई चुलीकडे परत गेली. मग मडक्यातून दोन मुठी शिंगाडे काढून आमच्या पानावर टाकले आणि म्हणाली, "खा बाप्पा. गरम हायत." त्या वेळी ईनबाईंना जे हसू फुटलं ते सिहोऱ्यापर्यंत थांबलं नाही. आणि हो, परत निघताना त्यांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना पट्टा कसा लावायचा तेवढं दाखवलं.

संध्याकाळी मुलीचा फोन. "आई, तू माझ्या सासूबाईंना दारू पाजलीस?"

"दारू नाही, वाइन. आणि मी नाही पाजली. त्या स्वतः प्यायल्या."

"किती?"

"दीड ग्लास."

मग जावई मागे कुठे तरी जमिनीवर बसून हसतोय असा आवाज. ईनबाईंनी घरी जाऊन सगळं आपल्याच तोंडाने सांगून टाकलं होतं. इवायांना सांगू नका म्हणणाऱ्या त्याच, आणि पहिल्यांदा सांगितलं ते इवायांनाच. त्यावर इवाई म्हणाले म्हणे, "मंग मले काहून नाही आनली?"

त्यानंतर आमचे रविवार लागले. दर रविवारी नाही, पण एक सोडून एक तरी. ईनबाईंची अट एकच होती: देवदर्शनाला जायचं नाही. "देवाले तर पायी बी जाता येते. गाडी हाय तर असं काई पाहू जे पाह्याले कोनी जात नाही." मीही मग शाळेत सहकाऱ्यांना विचारून ठेवायची, कोणत्या रस्त्यावर काय आहे. एकाने सांगितलं, अमुक फाट्यावर एक माणूस एसटीच्या जुन्या सांगाड्यात चहाचं दुकान चालवतो. तिथे गेलो तेव्हा ईनबाई कंडक्टरच्या सीटवर बसल्या आणि चहा येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

सगळ्यात चांगली जागा मात्र कोणी सांगितलेली नव्हती. जानेवारीत एकदा सिहोऱ्याहून पुढे जाताना मागचं चाक बसलं. माझा जीव घाबरला, पण ईनबाईंनी उतरून एका दुचाकीवाल्याला थांबवलं, आणि त्याने शंभर पावलांवरचं पंक्चरचं दुकान दाखवलं. दुकानदार म्हातारा, कानात बाळी, बोलायला कमी. तो चाक खोलत होता तोवर आमची नजर भिंतीवर गेली. दाराएवढी लाकडी फळी, आणि तिच्यावर दोऱ्याने बांधलेल्या बारीकसारीक शेकडो वस्तू. खिळे, बाभळीचे काटे, बैलाच्या नालाच्या चुका, तुटकी किल्ली, काचेच्या बांगडीचा तुकडा, सायकलची तार, हेअरपिन, एक कानातला डूल. प्रत्येकाखाली खडूने गावाचं नाव.

"हे काय हो?" मी विचारलं.

"टायरातून निंगालं ते," म्हातारा म्हणाला. "जे गाडी आली, ते जिथून आली त्या गावचं नाव."

ईनबाई फळीसमोर उभ्या राहिल्या त्या हलेचनात. एकेक वस्तू बघत, एकेक गाव वाचत. डुलापाशी थांबल्या. "हे कोनी वळखून नेलं नाही काय?"

"एक बाई आली होती. पाहून गेली. म्हने, राहू द्या, इथंच चांगलं दिसते."

आमच्या चाकातून खुर्चीला ठोकतात तसला एक पितळी खिळा निघाला. म्हाताऱ्याने तो पुसला, दोरा बांधला, फळीवर जागा शोधली. खडू घेऊन विचारलं, "गाव?"

"तुमसर," मी म्हटलं.

"सिहोरा," ईनबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, गाडी माझी आहे. त्या म्हणाल्या, पण पंक्चर सिहोऱ्याच्या हद्दीत झाली. म्हातारा खडू धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी त्याने दोन्ही गावं लिहिली, मध्ये रेघ मारून. ईनबाईंनी त्यांच्या पिशवीतले लाखोळीच्या डाळीचे वडे काढून त्याला दिले. त्याने खाल्ले आणि म्हणाला, "मीठ बराबर हाय." नंतर कळलं, त्याच्या तोंडून एवढी तारीफ गावात आजवर कोणाची निघाली नव्हती.

एप्रिलमध्ये गिरणीवरून फोन आला. मावशींची टाकी उघडतो आहे, या. ईनबाईंनी या वेळी इवायांनाही आणलं. त्या पुढे, ते मागे, मानाच्या जागेवर. तिसऱ्या टाकीची तोटी उघडली आणि गर्द जांभळी धार ग्लासात पडली. ती बाटल्या धुणारी बायको हात पुसून उभी राहिली. त्या माणसाचा चेहरा तर परीक्षेचा निकाल लागावा तसा झालेला.

ईनबाईंनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"तुरट हाय," त्या म्हणाल्या. "झाडावरचंच बरं."

तो माणूस एवढा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. "मावशी, अजून काही महिने जाऊ द्या. बाटलीत बसली की शांत होते ती." इवायांनी साखरेच्या धाकाने जेमतेम ओठ ओले केले, पण त्यांना ती फार आवडली आणि त्यांनी ते तीनदा सांगितलं. जाताना ईनबाईंनी दोन बाटल्या घेतल्याच. एक पुण्याला पाठवायला, एक घरी. घरची बाटली त्यांनी लोणच्याच्या बरण्यांच्या रांगेत ठेवली आहे. मी गेले की कपड्याने पुसून दाखवतात.

त्या दिवशी कारखान्यातून निघालो तेव्हा अजून उन्हं चढली नव्हती. गिरणीपाशी कोणी तरी ओळखीचं भेटलं आणि त्याच्या दुचाकीवर बसून इवाई घरी गेले. मी गाडी सिहोऱ्याकडे वळवणार तोच ईनबाई म्हणाल्या, "बपेऱ्याकडं घ्या."

"तिकडे काय आहे?"

"पूल हाय. पुलाच्या त्या बाजूले मध्य प्रदेश हाय."

"तुम्ही गेल्या असाल ना तिकडे कितीदा."

"गेली ना. लग्नाकामाले गेली, मयतीले गेली. बैल पाह्याले बी गेली. पन असं, काईच काम नसताना, कधीच नाही गेली."

बावनथडीच्या पात्रात पाणी थोडंच होतं. वाळूवर कलिंगडांचे वेल, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस छत्री लावून झोपलेला. पूल ओलांडला. माझा फोन वाजला, नव्या राज्यात स्वागत असल्याचा संदेश होता. ईनबाईंना तो वाचून दाखवला तर त्यांना फार बरं वाटलं. "आपून आलो ते त्याईले कळलं बी!"

पुढे चौकात एक हलवाई जलेबी काढत होता. आम्ही बाकावर बसलो. कढईपाशी उभ्या असलेल्या त्या माणसाने आमच्या साड्या बघितल्या, महाराष्ट्राच्या नंबरची गाडी बघितली आणि विचारलं, "कहाँ जाना है, अम्मा? बालाघाट?"

ईनबाई ताठ बसल्या. पदर सारखा केला.

"कहीं नहीं जाना," त्या म्हणाल्या. "ऐसेच आए।"

त्याने झारा हातात तसाच धरून एकदा आमच्याकडे बघितलं. मग म्हणाला, मग बसा, ही थंड झाली आहे, नवीन घाणा टाकतो. आम्ही बसलो. घाई कोणालाच नव्हती.